जुन्या सोफ्याची धूळ आणि थायरॉइड

वडोदऱ्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत दिवाळीची साफसफाई करताना भुगा होत चाललेला सोफ्याचा फोम किंवा जुना टीव्ही कोरड्या झाडूने झटकू नये. आग लवकर पसरू नये म्हणून अशा फोममध्ये आणि प्लॅस्टिकच्या आवरणांत पूर्वी ब्रोमीनयुक्त रसायने, विशेषतः पीबीडीई (पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर) गटातील, मिसळली जात. त्यांची रचना थायरॉइड ग्रंथीच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्याने ती त्याच्या कार्यात अडथळा आणू शकतात. स्टॉकहोम करारान्वये (दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय करार) त्यांतील काही २००९ मध्ये आणि त्याच गटातील डेकाबीडीई २०१७ मध्ये बंदीच्या यादीत आले, पण जुने सामान घरातच राहते आणि रसायन धुळीवाटे हातावर, हातावरून घासात जाते. म्हणून ओल्या फडक्याने पुसावे, फाटलेली गादी उघडी ठेवू नये आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत (सर्वांत स्वस्त उपाय हाच). या रसायनांचा थायरॉइडवर किती परिणाम होतो याबाबत प्रौढांवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यामुळे थकवा किंवा वजनवाढ जाणवल्यास सोफ्याला दोष देत न बसता टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे, आणि थायरॉइडची गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.