माशांना प्रजननासाठी संप्रेरकाचे इंजेक्शन देण्याआधी पाण्याची क्षारता मोजा

उन्हाळ्याच्या अखेरीस तळ्याची पातळी उतरते तेव्हा वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. क्षार तळ्यातच राहतात. सरळ काठांच्या तळ्याची खोली दीड मीटरवरून एक मीटरवर आली, तर 2 पीपीटी (हजार भाग पाण्यात 2 भाग क्षार) क्षारता 3 पीपीटी होते, आणि ती तूट खाऱ्या बोअरच्या पाण्याने भरून काढल्यास आणखी चढते. एवढ्या क्षारतेच्या पाण्यातही रोहू, कटला, मृगळ या कार्प जातींचे प्रजनक (बीजासाठी राखलेले) मासे खातात, तरतरीत दिसतात. म्हणूनच क्षारता मोजली जात नाही आणि मत्स्यबीजाचा हंगाम हातचा जातो, हे मी वारंवार पाहिले आहे.

गोड्या पाण्यातील माशांचे शुक्राणू कमी क्षारांच्या पाण्यात पडल्यावरच हालचाल करू लागतात आणि जेमतेम मिनिटभर पोहतात. पाण्याची क्षारता माशाच्या शरीरद्रवाच्या, म्हणजे 9 ते 10 पीपीटीच्या, जवळ जाऊ लागली की ही हालचाल मंदावते. अंड्यांनी पाणी शोषून फुगायला हवे, पण खारट पाण्यात ती पुरेशी फुगत नाहीत. कार्पसाठी प्रजनन व उबवणी कुंडातील पाणी 1 पीपीटीच्या आत असावे, असा माझा अदमास आहे. तो प्रयोगशाळेतील नव्हे, तळ्याकाठचा आहे. ईसी मीटरवर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणाऱ्या यंत्रावर) 2 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने 1 पीपीटी. इतक्या कमी क्षारतेला रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणावर) विसंबू नये.

अंडी फुटली नाहीत की विक्रेते संप्रेरकाचा डोस वाढवायला किंवा महागडे ‘पाणी सुधारक’ टाकायला सांगतात. पाण्यात विरघळलेले मीठ कोणत्याही पुडीने जात नाही. त्याला गोडे पाणी मिसळणे हाच उपाय आहे. तयार संप्रेरकाची नेहमीची शिफारस कटला मादीस दर किलो वजनामागे 0.4 ते 0.5 मिली, रोहू मादीस 0.3 ते 0.4 मिली अशी आहे. ती ओलांडू नये.

जिताडा या खाडीतल्या माशाचे याउलट आहे: तो गोड्या पाण्यात उत्तम वाढतो, पण अंडी घालण्यासाठी त्याला 28 ते 32 पीपीटीचे पाणी लागते. गोड्या तळ्यात बीज मिळेल म्हणून कोणी त्याच्या जोड्या विकत असेल, तर त्या घेऊ नयेत.

इतर कामे: नर-मादी वेगळे ठेवणे, हापे (अंडी-पिल्ले ठेवण्याच्या जाळीच्या पेट्या) वाळवणे, कुंडे धुणे, सामू, तापमान, प्राणवायू तपासणे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर गोडे पाणी वर राहते आणि खारे तळाशी, त्यामुळे वरचा नमुना फसवतो. नमुना तळाजवळूनही घ्यावा. इंजेक्शनाच्या दिवशी कुंडात येणाऱ्या पाण्याचा आकडा वहीत लिहिल्याखेरीज प्रजनक मासे पकडूच नयेत.