फासा कधी टाकायचा? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावरील नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरील उपाय

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र साकारत आणि फासे टाकत खेळायचा कथाखेळ आहे. तो खेळणाऱ्या बहुतेक गटांत थोड्याफार फरकाने त्याच तक्रारी ऐकू येतात: लपूनछपून जाणे कधी जमतच नाही, वीस बाजूंच्या फाशावर वीसचे दान पडूनही डीएम (कथा चालवणारा आणि निवाडा करणारा खेळाडू) नकार देतो, आणि जादूगार पहिल्याच लढाईत सगळे मंत्र उधळून लगेच मुक्कामाची भाषा करतो. अशा वेळी गट घाईने स्वतःचे नवे नियम करू लागतो. माझ्या मते त्याची गरज क्वचितच असते, कारण उपाय बहुधा छापील नियमांतच असतो, फक्त तो वापरला जात नाही. पुढील विवेचन पाचव्या आवृत्तीला, म्हणजे २०१४ साली आलेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांना, धरून आहे.

सर्वांत जास्त वाद फाशावरून होतात. फासा टाकण्यापूर्वी डीएमने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: हे काम जमणे आणि न जमणे या दोन्ही गोष्टी खरोखर शक्य आहेत का, आणि न जमल्यास कथेत काही बदलणार आहे का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर फासा टाकायला लावू नये. कुलूप उघडायला पात्राकडे हवा तेवढा वेळ असेल आणि जवळपास कोणी नसेल, तर कुलूप उघडले असे सांगून पुढे जावे. राजाने आपले राज्य देऊन टाकावे अशी मागणी असेल, तर राजा नाही म्हणतो, एवढेच. वीसचे दान आपोआप यश देते ते हल्ल्याच्या फेकीत. कौशल्याच्या चाचणीसाठी असा नियम नाही. हे ठाऊक नसलेला खेळाडू वीस पडल्यावर आनंदाने ओरडतो आणि मग नकार ऐकून रुसतो. त्याच्या रुसण्याचा दोष मी डीएमला देईन, कारण जे होणारच नव्हते त्यासाठी त्याने फासा हातात दिलाच का?

लपून जाण्याची तक्रार गणिताने स्पष्ट होते. समजा चार पात्रे पहारेकऱ्यांच्या नजरेआडून जात आहेत, प्रत्येकाचा बोनस (दानात मिळवायचा आकडा) पाच आहे आणि लक्ष्य (यशासाठी गाठायची किमान बेरीज) पंधरा आहे. एकाला यश मिळण्याची शक्यता ५५ टक्के असते. चौघेही यशस्वी झालेच पाहिजेत असा आग्रह डीएमने धरला, तर ती शक्यता जेमतेम ९ टक्क्यांवर येते, आणि चिलखत घातलेला योद्धा सोबत असेल तर त्याहूनही खाली. २०१४ च्या नियमपुस्तकात अशा प्रसंगांसाठी सामूहिक चाचणी दिलेली आहे: निम्म्या किंवा अधिक जणांना यश मिळाले, तर संपूर्ण गटाला यश मिळाले असे धरायचे. त्याच आकड्यांवर ही शक्यता सुमारे ७६ टक्के होते. एवढा एक बदल केला, तरी ‘आपण नेहमी पकडलेच जातो’ ही कुरकुर बरीचशी थांबते.

याच्या उलट त्रास ‘मीपण बघतो’ म्हणणाऱ्यांचा असतो. एकाला गुप्त दरवाजा सापडला नाही की बाकीचे ओळीने फासे टाकू लागतात. कोणाचाच बोनस नसला आणि लक्ष्य पंधरा असले, तरी एकट्याची ३० टक्क्यांची शक्यता चौघांच्या फेकींनी ७६ टक्क्यांवर जाते, आणि मग त्या चाचणीला अर्थच उरत नाही. त्यापेक्षा एकाने शोधावे, दुसऱ्याने मदत करावी आणि शोधणाऱ्याने दोन फासे टाकून मोठे दान घ्यावे. मात्र ज्या धाग्यावाचून कथा पुढे सरकणार नाही, तो धागा कधीही फाशावर टांगून ठेवू नये.

विश्रांतीचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो खेळाच्या बांधणीतूनच येतो. पात्रांचे खर्च झालेले मंत्र आणि ताकद विश्रांती घेतल्यावर परत मिळतात. छोटी विश्रांती किमान एका तासाची आणि मोठी आठ तासांची असते. वॉरलॉक या जादू करणाऱ्या पात्राला आपले मंत्र छोट्या विश्रांतीत परत मिळतात, फायटरची, म्हणजे योद्ध्याची, बरीचशी ताकदही तेव्हाच भरून निघते. विझर्ड, म्हणजे सुरुवातीला उल्लेखलेला जादूगार, मात्र प्रामुख्याने मोठ्या विश्रांतीवर अवलंबून असतो. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकाने दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्या होत्या. प्रत्यक्षात एका बैठकीत दोन लढाया झाल्या तरी पुष्कळ, आणि मग विझर्ड इतरांना झाकोळून टाकतो. यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे घड्याळ चालू ठेवणे: ओलीस ठेवलेल्या व्यापाऱ्याचा पहाटे बळी जाणार असेल, तर दुपारी चारला कोणी अंथरूण पसरत नाही. दुसरा मार्ग त्याच पुस्तकातील पर्यायी नियमाचा आहे, ज्यात छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची होते. प्रवासप्रधान मोहिमेत मला हा दुसरा मार्ग अधिक पटतो, पण तो मोहिमेच्या मध्येच लादला, तर विझर्ड खेळणाऱ्याचा राग रास्त ठरेल.

एकाग्रतेचा नियम तर सर्रास विसरला जातो. काही मंत्र टाकल्यानंतरही एकाग्र राहून चालू ठेवावे लागतात. एका वेळी असा एकच मंत्र चालू ठेवता येतो, आणि इजा झाली की दहा किंवा इजेच्या निम्मा आकडा, यांपैकी जो मोठा असेल त्याविरुद्ध फासा टाकून तो टिकवावा लागतो. मंत्र चालू असेपर्यंत खेळाडूने समोर रंगीत चिठ्ठी ठेवावी.

‘माझे पात्र असेच वागेल’ असे म्हणून सोबत्यांची थैली मारणाऱ्याला मात्र कथेतून शिक्षा देऊ नये. पात्र कसे असावे हे त्या खेळाडूनेच ठरवले आहे, म्हणून बोलणेही खेळ थांबवून त्याच्याशीच करावे. आपापसांत चोरी चालेल का, कोणते विषय वर्ज्य आहेत, पात्र मेल्यास काय, हे पहिल्या बैठकीआधीच सर्वांनी मिळून ठरवलेले बरे.

त्याच बोलण्यात तारखांचाही निकाल लावावा. दर वेळी सर्वांची सोय विचारत बसण्यापेक्षा वार ठरवून टाकावा, आणि पाचांपैकी तिघे आले तरी खेळ होईल, गैरहजर पात्र गावातच थांबेल आणि त्याचा अनुभव (पात्राला वरच्या पातळीवर नेणारे गुण) बुडणार नाही, असे आधीच सांगून ठेवावे.