दवाखान्याच्या डिजिटल नोंदींसाठी निधी: काय मागायचं, कुणाकडं आणि कधी

केज तालुक्यातल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्याचे हिशेब मी बघते. हिशेब लिहिणाऱ्या बाईला प्रस्तावही लिहिता येत असणार, असं आमच्या विश्वस्तांनी एकदा परस्पर ठरवून टाकलं. तेव्हापासून बीड, लातूर, धाराशिवकडच्या लहान संस्थांचे फोन मला येतात. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं: "मॅडम, दवाखाना ऑनलाइन करायलाव, कॉम्प्युटरसाठी कुठं पैसे मिळतेत का बघा की."

मिळतात. पण कॉम्प्युटर मागणारे अर्ज देणाऱ्याच्या टेबलावर ढिगानं पडलेले असतात. आपल्या अर्जाच्या पहिल्या पानावर यंत्राचं नावही येऊ देऊ नका. आधी शोधा, आपल्याकडं कोणती नोंद हरवते आणि ती हरवल्यानं कुणाचं काय बिघडतं.

आमच्या भागात त्यासाठी लांब जावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि सहाव्या महिन्याची बाईसुद्धा कोयत्यावर जाते. तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळं उपकेंद्राच्या रजिस्टरात आणि तिच्याजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर. कार्ड कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भिजतं, नाहीतर गावाकडंच राहतं. तिकडं सांगली-कोल्हापुरात किंवा कर्नाटकात बाळंतपण झालं, तर तिथला डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारतो. मार्च-एप्रिलमध्ये ती परत आली की बाळाला कोणते डोस मिळाले हे सिस्टरला आईच्या आठवणीवरून लिहावं लागतं.

हे अर्जात नुसतं वर्णन करून भागत नाही, मोजावं लागतं. मागच्या हंगामाचं गरोदर मातांचं रजिस्टर काढा. तोडीला गेलेल्यांच्या नावापुढं पेन्सिलीनं खूण करा. मग त्यातल्या किती जणींच्या बाळंतपणाची तारीख, ठिकाण आणि बाळाचं वजन या तिन्ही नोंदी पूर्ण आहेत ते मोजा. एका उपकेंद्राचं रजिस्टर पुरतं. तो आकडा तुमचा असतो. जिल्ह्याची सरासरी इंटरनेटवरून कुणीही उचलतो आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. तुमचा प्रश्न ऊसतोडीचा नसेल, तर क्षयरोगाच्या अर्धवट राहिलेल्या औषधांचा असेल किंवा साखरेच्या रुग्णांच्या तपासण्यांचा असेल. पद्धत तीच.

मग पैसे मागण्याआधी फुकट काय मिळतं ते बघून घ्या. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यातला आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक, काढायला पैसे लागत नाहीत. दवाखान्याची आणि डॉक्टरांची त्यातली नोंदणीही मोफत आहे. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून डॉक्टरचा सल्ला मोफत मिळतो. दवाखान्याच्या नोंदींसाठी बहमनी नावाची मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी, प्रणाली आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचा ग्रामीण दवाखाना आहे, तिथं ती पहिल्यांदा वापरात आली. म्हणजे आपल्यासारख्याच ठिकाणी. हे माहीत नसताना कुणी सॉफ्टवेअरसाठी आठ-दहा लाख मागितले, की पैसे देणाऱ्या कंपनीतला तांत्रिक माणूस तिथंच पेन खाली ठेवतो. मात्र फुकट सॉफ्टवेअर बसवायला, शिकवायला आणि नोंदींची रोजची प्रत राखायला माणूस लागतोच. ते पैसे बिनधास्त मागा.

आता पैसा कुठं आहे ते.

सगळ्यात मोठा झरा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं, की आदल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी. आरोग्य त्या यादीत आहे. आणि कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात आहे. त्यामुळं वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीला लिहिताना ते वाक्य अर्जात जरूर घ्या.

आमच्याकडं लोक सगळ्यात आधी साखर कारखान्यावर जातात. जा, पण जाण्याआधी गेटवरची पाटी वाचा. सहकारी कारखाना सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, कंपनी कायद्याखाली नाही, म्हणून त्याला कलम १३५ लागत नाही. चेअरमन साहेबांनी दिलं तर ते त्यांच्या मर्जीनं. खासगी कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल आणि वरची अट बसत असेल, तर मात्र तिथं तुम्ही दान मागत नाही. कायद्यानं करायच्या खर्चासाठी एक चांगलं काम सुचवता. बसायच्या पद्धतीतसुद्धा तो फरक दिसू द्यावा, असं माझं मत आहे. हात जोडून कोपऱ्यात उभं राहणाऱ्याला एक कॉम्प्युटर आणि एक शाल मिळते.

सीएसआरसाठी कागद कोणते? संस्थेची आयकर खात्याकडची १२-ए आणि ८०-जी नोंदणी, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक. संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नवी संस्था असेल तर जुन्या संस्थेच्या जोडीनं अर्ज करा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही बहुतेक ठिकाणी विचारतात. पण खरी अडचण या कागदांत नसते, धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यात, असते. वारलेल्या विश्वस्तांची नावं तिथं वर्षानुवर्षं तशीच असतात, कारण बदल अर्ज कुणी दाखलच केलेला नसतो, नाहीतर दाखल होऊन पडून असतो. कंपनीचा वकील यादी मागतो, सह्या जुळत नाहीत, प्रकरण थांबतं. प्रस्तावाचं पहिलं वाक्य लिहिण्याच्या आधी हे काम हातात घ्या.

पंचायतीचा पैसा लहान असतो, पण जवळचा. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, धरलेला आहे. त्यात राउटर, वर्षाचं इंटरनेट, छोटी दुरुस्ती बसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, ४० टक्के अबंधित, आणि अबंधितातूनही पगार करता येत नाहीत, अशी वाटणी होती. चालू वर्षाची वाटणी ग्रामसेवकांकडून, आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, लेखी घ्या. गावाच्या विकास आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा निघत नाही. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उपकेंद्राचा विषय कुणीतरी उभं राहून मांडला पाहिजे. आशाताईंना मांडू द्या, त्यांचं सभेत लोक ऐकतात. त्या वेळेपर्यंत निम्म्या टोळ्यांची निघायची गडबड सुरू झालेली असते, तेव्हा ज्यांचा प्रश्न आहे त्या बायका सभेला याव्यात म्हणून आधी घरोघर निरोप द्यावा लागतो.

आमदार-खासदार निधीतून टिकाऊ वस्तू आणि बांधकाम होतं. वर्षाची फी, माणसाचं मानधन होत नाही. धाराशिव जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळं तिकडच्या संस्थांनी पत्राच्या पहिल्या परिच्छेदातच तो उल्लेख करावा. कंपन्या त्या यादीकडं बघून जिल्हा निवडतात. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. पुण्या-मुंबईची मोठी संस्था "आमच्या परदेशी निधीतून तुम्हाला देतो" म्हणाली, तर नम्रपणे नाही म्हणा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडं वळवता येत नाही.

डिजिटल मिशनचीच एक प्रोत्साहन योजना १ जानेवारी २०२३ पासून आली. दहा किंवा जास्त खाटांच्या दवाखान्याला, आभाशी जोडलेल्या नोंदी ठरलेल्या संख्येच्या वर गेल्या की प्रत्येक वाढीव नोंदीमागं रक्कम. कमाल मर्यादा ४ कोटींची. तो आकडा ऐकून आमच्या एका विश्वस्तांनी नवीन इमारतीचा नकाशाच काढायला घेतला होता! हे पैसे काम झाल्यावर येतात, काम सुरू करायला उपयोगी नाहीत, आणि छोट्या दवाखान्याच्या वाट्याला येणारी रक्कम लहान असते. योजनेची मुदत चालू आहे का ते पोर्टलवर बघून मगच अंदाजपत्रकात धरा.

अंदाजपत्रकावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एका कंपनीनं आमच्या शेजारच्या संस्थेला टॅबलेट दिले, फोटो काढले, वर्षभराचं रिचार्ज मारलं. वर्ष संपलं आणि टॅबलेट कपाटात गेले. देणाऱ्यांना खोकं द्यायला आवडतं, कारण खोक्याचा फोटो निघतो. आपण मागायचं ते खोक्याच्या नंतरचं.

पहिलं विजेचं. उपकेंद्र गावठाणाच्या फीडरवर आहे की शेतीपंपाच्या, ते लाईनमनला विचारा. गावाच्या कडेला बांधलेली कितीतरी उपकेंद्रं शेतीच्या लाईनवर असतात आणि तिथं दिवसा वीज मिळेलच असं नाही. तसं असेल तर इन्व्हर्टर नुसता पुरत नाही, तो भरायचा कधी? सौर पॅनेल धरा. बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी लागते, ती रक्कम आजच लिहा. अर्थिंग नीट करून घेण्याचे पैसे लिहा. भारतनेटची, म्हणजे सरकारी इंटरनेटची, केबल रस्त्याच्या कामात तुटते, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी असतो. दरपत्रकातली रक्कम करासह आहे का ते बघा, नाहीतर ती तूट मानधनातून भरावी लागते.

दुसरं माणसाचं. नोंदी भरणारी मुलगी गावातलीच घ्या आणि तिचं मानधन पूर्ण काळासाठी धरा. "सिस्टरच भरतील" असं लिहू नका. सिस्टरांकडं आधीच इतके ॲप आहेत, की लसीकरणाच्या दिवशी त्यांचा एक हात बाळाच्या मांडीवर आणि एक मोबाइलवर असतो. बदल्या होत राहतात म्हणून प्रशिक्षण दरवर्षी धरा. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत काम मंजूर करता येतं. ते शब्द वापरूनच मागा. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मानधनाला आधार मिळतो. यंत्रं कुणाच्या मालकीची राहणार तेही लिहा. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही.

सरकारी उपकेंद्रांबरोबर काम करणार असाल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आधी मिळवा. त्याशिवाय सिस्टर रजिस्टर दाखवणार नाहीत, आणि दाखवूही नये.

गुप्ततेचा परिच्छेद बहुतेक अर्जांत दोन ओळींचा असतो. आमच्या भागात तो मोठा लागतो. बाईच्या आभाला जोडलेला मोबाइल नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो, कधी टोळी नेणाऱ्या मुकादमाचासुद्धा. ओटीपी त्याच्याकडं जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर गदारोळ झाला होता. ज्या बाईचं काम अंगातल्या ताकदीवर ठरतं, तिचं दुखणं मुकादमाला कळणं म्हणजे तिची उचल, कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, अडकणं. म्हणून लिहा: नंबर तिचा स्वतःचा नसेल तर डिजिटल नोंद तिला विचारूनच, आभा ऐच्छिक आहे हे तिला मराठीत सांगून, आणि नको म्हणाली तर कागदी कार्ड चालू ठेवून. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्याचं नाव घ्याच, पण वाचणाऱ्याला पटतं ते मुकादमाचं वाक्य.

वेळेचं गणित शेवटी बसवा, पण चुकवू नका. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, आपलं वर्ष दसऱ्यापासून. जानेवारी-फेब्रुवारीत कंपन्यांकडं न खर्चलेल्या रकमेची घाई असते आणि तेव्हा फोन लवकर उचलले जातात. मात्र त्या वेळी टोळ्या फडात असतात, गावात मोजायला कुणी नाही. म्हणून मोजणी टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मे मध्ये. अर्ज जूनच्या आत. पाहणीसाठी साहेब येणार असतील तर पोळ्याच्या आसपास बोलवा, गाव भरलेलं असतं. आणि करारात पहिला हप्ता सप्टेंबरच्या आधी मिळेल असं लिहून घ्या, कारण नोंदणी दसऱ्याच्या आत उरकली नाही तर तो हंगाम गेला. दुसरा हप्ता अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर येतो आणि हमखास उशिरा येतो. तोवर त्या मुलीचं तीन महिन्यांचं मानधन संस्थेच्या खात्यात बाजूला असू द्या, आणि सीएला प्रमाणपत्रासाठी मार्च सोडून कुठल्याही महिन्यात गाठा.