छोट्या बोर्डासाठी पंख्याची केस: वारा येतो कुठून, जातो कुठून

एकाच छोट्या बोर्डावर मावणाऱ्या संगणकासाठी पंखेवाली केस, म्हणजे डबा, मिळतो; त्याच्या जाहिरातीत फोटो असतो तो बाहेरून काढलेला. निवड मात्र आतल्या गोष्टींवर ठरते: चिपच्या डोक्यावर काय टेकतं, वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर पडतो. यातला तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. एका बाजूला ४० मिमीचा पंखा आणि बाकी सगळीकडे घट्ट बंद प्लास्टिक अशा केसमध्ये पंखा तोच तोच गरम वारा घुसळत राहतो. आवाज पुरेपूर, गारवा नावाला.

पुढचे बरेचसे आकडे रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') या अशाच बोर्डाचे आहेत, कारण जास्त केस त्याच्याच मापाच्या मिळतात. पद्धत मात्र कुठल्याही बोर्डाला लागू पडते.

आधी मोजा, मग निवडा

पाय ४ आणि पाय ५ हे ८० अंश सेल्सिअसला पोचले की वेग कमी करायला लागतात आणि ८५ ला जोरात ब्रेक लावतात. पाय ३ बी प्लसचं गणित वेगळं आहे, तो ६० अंशांलाच १.४ गिगाहर्ट्झवरून १.२ वर उतरतो. म्हणून "माझा बोर्ड ६५ वर चालतो, ठीक आहे ना?" या प्रश्नाला बोर्डाचं नाव कळल्याशिवाय उत्तर नाही.

तापमान बघायला लिनक्समध्ये 'सिस' फोल्डरच्या आत 'थर्मल झोन झिरो'ची फाइल असते. तिच्यातला आकडा हजारपट असतो, म्हणजे ६१००० दिसले तर ६१ अंश. बोर्ड आहे तसा, केसशिवाय ठेवा आणि 'स्ट्रेस-एनजी' या प्रोग्रामने चिपचे सगळे कोर १५ मिनिटं पूर्ण राबवा. पहिल्या तीन-चार मिनिटांचा आकडा धरू नका. बोर्ड आणि हीटसिंक (चिपवरची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) तापायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचं तापमान फसवं असतं. आकडा स्थिरावला की त्यातून खोलीचं तापमान वजा करा. समजा चिप ७४ आणि खोली २६, तर फरक ४८. हा फरक साधारण तसाच राहतो, म्हणून हाच बोर्ड ३८ अंशांच्या खोलीत ८६ कडे जाईल. केस निवडताना वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसाचा हिशेब धरायचा, आजचा नाही.

फरक कमी आला, किंवा बोर्ड दिवसभर नुसता बसून असतो आणि अधूनमधून मिनिटभर काम करतो, तर पंखा घेऊच नका. ॲल्युमिनिअमची बिनपंख्याची केस पुरते. सतत व्हिडिओ एन्कोडिंग, कंपायलिंग किंवा कॅमेऱ्याचं विश्लेषण चालणार असेल, तर मात्र पंखा हवाच.

एक घोळ इथेच मिटवून टाका. बोर्ड मंदावला म्हणजे तो तापलाच असं नाही, पॉवर सप्लाय कमी पडला तरी तो मंदावतो. पायवर 'व्हीसीजेनसीएमडी' या कमांडला 'गेट थ्रॉटल्ड' विचारलं की एक कोड मिळतो. त्याचा शेवटचा आकडा आत्ताची स्थिती सांगतो: १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे वेगावर मर्यादा, ४ म्हणजे थ्रॉटलिंग (चिपचा वेग कापणं) चालू, ८ म्हणजे तापमानाची पहिली मर्यादा लागू. एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तर त्यांची बेरीज येते. शेवटी ५ दिसला तर तो १ अधिक ४ आहे. तिथे अडचण ॲडॉप्टरची किंवा बारीक वायरीच्या केबलची असते, आणि जगातली कुठलीही केस ती सोडवणार नाही.

बोर्ड आणि केस एकमेकांचेच हवेत

'पायसाठी' एवढंच लिहिलेली केस घेऊ नका. ३ बी प्लस, ४ आणि ५ या तिघांची लांबी-रुंदी एकच, ८५ बाय ५६ मिमी, आणि स्क्रूची भोकंही ५८ बाय ४९ मिमीवरच आहेत. पण पाय ४ मध्ये इथरनेट आणि यूएसबीच्या जागांची अदलाबदल झाली, एचडीएमआयचे दोन छोटे पोर्ट आले. पाय ५ मध्ये इथरनेट पुन्हा जुन्या जागी गेलं, ऑडिओ जॅक गेला आणि पॉवर बटण आलं. त्यामुळे बोर्ड केसमध्ये बसतो, स्क्रूही लागतात, आणि मग कळतं की केबल आत शिरत नाही. इतर कंपन्यांच्या क्रेडिट कार्डाएवढ्या बोर्डांच्या बाबतीत तर मुख्य चिप कुठे आहे हेसुद्धा बघावं लागतं. काही बोर्डांवर ती खालच्या अंगाला असते, आणि मग झाकणातला पंखा भलतीकडेच वारा घालत बसतो.

केस न उघडता मेमरी कार्ड काढता येतं का, कॅमेऱ्याच्या रिबनला फट आहे का, आणि वर हॅट (बोर्डाच्या डोक्यावर बसणारा जोड-बोर्ड) लावायची असेल तर पंखा आडवा येतो का, हे तिन्ही फोटो मोठा करून तपासा. झाकणात पंखा असलेल्या बहुतेक केसमध्ये हॅट बसत नाही.

उंचीची बेरीज

ही बेरीज वेबसाइटवर कुणी करून देत नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे. समजा बोर्डाच्या पृष्ठापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत २० मिमी जागा आहे. झाकणाला आतून १० मिमी जाडीचा पंखा लागला की उरले १०. चिपचे दोनेक आणि हीटसिंकचे ५ मिमी वजा केले की पाती आणि हीटसिंक यांच्यात ३ मिमी उरतात. हे चालतं. पण ८ मिमी उंच हीटसिंक घेतला तर पंखा त्यावर टेकेल, झाकण नीट बसणार नाही, आणि चुकून दाबून बसवलंच तर पाती अडकतील. अशा वेळी ७ मिमी जाडीचा ३० मिमी पंखा बरा. जीपीआयओ पिनांवर (बाहेरची उपकरणं जोडायच्या बोर्डावरच्या पिना) सुट्या जंपर वायरी लावणार असाल तर त्यांची प्लास्टिकची टोपीच साधारण १४ मिमी असते. तिच्यावर वायर वळायला जागा लागते ती वेगळी.

मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढाच वारा देतो, म्हणून जागा असेल तर ३० पेक्षा ४० मिमी घ्या. आवाज कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय हाच. बेअरिंगही बघा: झाकणातला पंखा कायम आडवा पडलेला असतो आणि साध्या स्लीव्ह बेअरिंगला तीच अवस्था मानवत नाही. तेल संपत आलं की घरघर सुरू होते. आडव्या पंख्याला बॉल किंवा हायड्रॉलिक बेअरिंग बरं.

वाऱ्याची वाट

पंख्याच्या चौकटीवर बाण असतो. नसेल तर सोपी खूण: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या आणि स्टिकर असतो, वारा त्याच बाजूने बाहेर पडतो. हीटसिंक जवळ असेल तर वारा त्याच्यावर मारणारी मांडणी सहसा सरस ठरते. बाहेर ओढणारी मांडणी तेव्हाच चांगली, जेव्हा आत येणारा वारा चिपवरूनच जाईल अशी फट समोर असते. पंख्याच्या शेजारीच मोठी फट असेल तर वारा तिथूनच आत येऊन तिथूनच बाहेर पडतो, चिपला त्याचा स्पर्शही होत नाही.

बाहेर पडायच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ निदान पंख्याच्या तोंडाएवढं हवं. ४० मिमी पंख्याला साधारण १२ चौरस सेंटिमीटर म्हणा. पंख्यासमोर नक्षीदार जाळी असेल, म्हणजे बोर्डाचं चिन्ह कोरलेलं वगैरे, तर अर्धं तोंड बंदच समजा. त्यातून शिट्टीसारखा आवाज येतो तो वेगळाच. केस आधीच घेतलेली असेल तर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी प्रत्येक फटीसमोर धरून बघा. जिथे पट्टी हलतच नाही ती फट शोभेची आहे.

तारा मोजा

दोन तारांचा पंखा पाच व्होल्ट आणि ग्राउंडला, पायवर ४ आणि ६ क्रमांकाच्या पिनांना लागतो आणि कायम पूर्ण वेगाने फिरतो. तो ३.३ व्होल्टच्या पिनेवर लावला की शांत होतो, पण काही पंखे तेवढ्यावर सुरूच होत नाहीत. पंख्याची तार थेट जीपीआयओ पिनेला लावून चालू-बंद करायला जाऊ नका. ती पिन जेमतेम १६ मिलिअँपिअर देते, पंख्याला शंभराच्या आसपास किंवा जास्त लागतात. मध्ये ट्रान्झिस्टर आणि डायोड हवा.

तीन तारांच्या पंख्यात हमखास गोंधळ होतो. संगणकाच्या पंख्यात तिसरी तार फेऱ्या मोजते, वेग बदलत नाही. पाय ४ च्या अधिकृत केस-पंख्यात मात्र तिसरी तार चालू-बंद करणारी आहे आणि ती जीपीआयओ १४ ला जाते. पंखा तसाच असेल तर 'रास्पी-कॉन्फिग' या सेटिंगच्या प्रोग्राममधल्या 'परफॉर्मन्स ऑप्शन्स'मध्ये 'फॅन' चालू करा आणि सुरू व्हायचं तापमान ६० ते ६५ ठेवा. ८० ला पंखा सुरू होऊन काही उपयोग नाही, तोवर बोर्ड मंदावू लागलेला असतो. जीपीआयओ १४ हीच सिरिअल कन्सोलचीही (तारेने दुसऱ्या संगणकावरून बोर्ड चालवायच्या सोयीची) पिन आहे, त्यामुळे दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत.

पाय ५ वर पंख्यासाठी चार तारांचं स्वतंत्र चिमुकलं कनेक्टर आहे. केसचा पंखा त्यातच लागणारा घ्या. मग ५० अंशांना तो साधारण ३० टक्के वेगाने सुरू होतो, ६० ला ५०, ६७.५ ला ७० आणि ७५ ला पूर्ण वेग पकडतो. पन्नासच्या खाली तो थांबलेला असतो, त्याला बिघडलेला समजून परत पाठवू नका.

बसवताना

मेमरी कार्ड आधी काढा. बोर्ड केसमध्ये तिरका सरकवताना बाहेर आलेलं कार्ड सहज मोडतं. चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थर्मल पॅडच्या (चिपची उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्टीच्या) दोन्ही बाजूंचा प्लास्टिक पापुद्रा निघालाय ना, हे उजेडात धरून बघा. एक पापुद्रा राहिला तरी तापमान चटकन चढतं आणि लोक पंख्याला शिव्या देतात.

धातूच्या केसमध्ये पॅडची जाडी महत्त्वाची. खेळण्यातल्या मऊ चिकणमातीची मुगाएवढी गोळी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिपवर ठेवा, केस बंद करा, उघडा आणि चपटी झालेली गोळी मोजा. ती १.२ मिमी आली तर १.५ मिमीचा पॅड घ्या. पॅड थोडा दबला पाहिजे. फारच जाड पॅड घालून स्क्रू आवळले तर बोर्ड वाकतो. एम २.५ चे चारही स्क्रू आधी सैल लावा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे आवळा. धातूच्या केसमध्ये वायफायचा सिग्नल पडतो, तेव्हा अँटेनाच्या कोपऱ्यावर प्लास्टिक किंवा मोकळी खिडकी असलेली केस बघा, नाहीतर सरळ इथरनेट वापरा.

आता तीच १५ मिनिटांची चाचणी पुन्हा करा आणि नवा फरक जुन्याशेजारी लिहून ठेवा. फरक फारसा कमी झाला नसेल तर झाकण उचलून बघा. झाकण काढल्यावर तापमान उतरलं तर दोष वाऱ्याच्या वाटेचा. उतरलं नाही तर चिप आणि हीटसिंक नीट टेकलेले नाहीत.

काही महिन्यांनी आकडा चार-पाच अंशांनी वर सरकला तर ती धूळ. ब्लोअरने साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेच्या झोताने त्याच्या मर्यादेपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग तिथेच जातं.