उरणच्या पोर्टात नोकरी लागली? खोली घ्यायच्या आधी एवढं बघा

लातूर, परभणी, नांदेडकडची लई पोरं आता नवी मुंबईशेजारच्या उरणकडं निघालीत, कोणी ट्रेलरवर ड्रायव्हर, कोणी यार्डात सुपरवायझर, कोणी कस्टमच्या कागदपत्रांच्या कामाला. आणि जो तो पहिल्यांदा एकच विचारतो, खोली कुठं घेऊ अन् भाडं किती. भाडं नंतर बघा ना राव, आधी शिफ्ट सुटल्यावर रूमवर कसं पोचणार ते बघा.

सगळ्यात आधी ऑफर लेटर काढा. त्यावर नुसतं न्हावा शेवा, म्हणजे उरणच्या पोर्टाचं नाव, लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं बोटीशेजारीच काम हाय. पण बरीच पोरं टर्मिनलमध्ये नसतातच, ती सीएफएसला असतात, म्हणजे कंटेनर आणून ठेवायची, माल भरायची-उतरवायची यार्डं, आणि ही यार्डं जासई, भेंडखळ, खोपटा, द्रोणागिरी अशी चौफेर पसरलीत. म्हणून एचआरला तीन गोष्टी सरळ विचारा: गेट नेमकं कोणत्या गावापाशी, कंपनीची बस कुठून सुटते, आणि नाईट शिफ्टला ती बस असते का. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा की नाही.

आता लोकसंख्येचं. गुगलवर उरण टाकलं की शहर ३० हजारांचं आणि अख्खा तालुका १ लाख ६० हजारांचा दिसतो, म्हणजे आपल्या जालना शहरापेक्षाही लहान (जालना २ लाख ८५ हजार). ते बघून हुरळू नका की गाव निवांत असंल, खोल्या पडून असतील. हे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत, त्यानंतर जनगणनाच झाली नाही, पुढची २०२७ ला. तेव्हा उरणच्या वाटेवरच्या उलव्यात माणूस शोधावा लागायचा, आज टॉवरच टॉवर आहेत. आणि उलवे पनवेल तालुक्यात येतं, उरणमध्ये नाही, त्यामुळं तालुक्याचा आकडा बघून त्याचा अंदाज येतच नाही. शेजारची नवी मुंबई महापालिका तेव्हाच ११ लाख २० हजारांची होती, जवळपास आपल्या छत्रपती संभाजीनगराएवढी. मग गर्दी कशी मोजायची? सरळ तिथं जा, संध्याकाळी सहा-सातला उलव्यातल्या खारकोपर स्टेशनच्या बाहेर उभं राहा, रिक्षाची लाईन बघा, कळतं.

पोर्टाचं म्हणाल तर ते १९८९ ला सुरू झालं आणि २०२४-२५ मध्ये तिथून सुमारे ७३ लाख टीईयू कंटेनर हलले, हा हिशोब वीस फुटी डब्याचा. यातला लई माल ट्रेलरनं रोडवर येतो, म्हणून गव्हाण फाटा, करळ फाटा, जासई इथं कधी किती वेळ अडकाल सांगता येत नाही. पावसाळ्यात त्या ट्रेलरच्या मधून बाईक घालू नका, हे मी हात जोडून सांगतो.

जायचं कसं. नांदेड, परभणी, परळी, लातूर, धाराशिवकडच्यांना नांदेड-पनवेल एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, कुर्डुवाडी-पुण्यावरून थेट पनवेलला सोडते. तिथून हार्बरच्या लोकलनं बेलापूर आणि बेलापूरहून उरण लोकल. जालना, संभाजीनगरकडच्यांनी देवगिरी, तपोवन, जनशताब्दी किंवा वंदे भारत पकडा, पण सामान घेऊन सीएसएमटीपर्यंत कामून जायचं? ठाण्याला उतरा, ट्रान्सहार्बरच्या लोकलनं नेरूळ, पुढं उरण लोकल. समृद्धी जून २०२५ पासून पूर्ण चालू झालीय, ७०१ किलोमीटर, पण ती भिवंडीजवळ आमण्याला संपते, पुढचं ट्रॅफिक तुमच्या नशिबाचं.

उरणची लोकल खारकोपरपर्यंत २०१८ ला आली आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ ला, अटल सेतूच्या उद्घाटनाच्या दिवशीच. पण ती हार्बरसारखी चार-पाच मिनिटाला नसते, टाइमटेबल फोनमध्येच ठेवा आणि शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघा. न्हावा शेवा नावाचं स्टेशन आहे म्हणून तिथं उतरून पायी टर्मिनलच्या गेटला जाऊ असं धरू नका, पुढं रिक्षा नाहीतर कंपनीची बस लागतेच. अटल सेतूवर बाईकला बंदी आहे, तो कारवाल्यांचा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला लाँच येते, छान आहे, पण भरती-ओहोटी आणि पावसाळा बघून चालते, ड्युटीला तिच्या भरवशावर राहू नका.

मग खोली. फक्त दिवसाची शिफ्ट असंल तर उलवे घ्या, बामणडोंगरी किंवा खारकोपर स्टेशनजवळ, कारण नेरूळ-बेलापूर जवळ आणि बायकोपोरं आणायची तर शाळा-दवाखाना बरा. नाईट असंल तर द्रोणागिरी किंवा उरण शहर, गेटजवळची खोली लहान मिळाली तरी चालंल. गावठाणातली खोली स्वस्त पडते, पण पाणी किती वेळ येतं ते घरमालकाला नाही, शेजारच्या भाडेकरूला विचारा.

अजून एक, तिथले मूळचे लोक आगरी-कोळी. त्यांच्या जमिनी सिडकोत (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) आणि पोर्टात गेल्या, १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत द्यायची योजना आली. त्यामुळं स्थानिकांना आधी नोकरी द्या हा विषय तिथं कायम तापलेला असतो. चहाच्या टपरीवर त्यावर शहाणपण शिकवायला जाऊ नका, बऱ्याचदा तुमचा घरमालक त्यातल्याच घरचा असतो.

पहिल्या महिन्यात डिपॉझिट अडकवू नका, कोणाच्या तरी रूमवर शेअरिंगमध्ये राहा, तिन्ही शिफ्ट करून बघा, मगच अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. आणि दिवाळीला गावी यायचं असंल तर पनवेल-नांदेडचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल हातात घेऊनच बसा, नाहीतर कळंबोलीला ट्रॅव्हल्सवाला म्हणंल तो रेट द्यावा लागतो.