परत यावं लागलं तर हप्ता कोण भरणार?

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालो. आता दिग्रस तालुक्यातल्या आमच्या गावी असतो. व्याजाचा हिशोब, पीकविम्याचा अर्ज, काहीही अडलं की लोक ओसरीवर येऊन बसतात. मागच्या दिवाळीनंतर एक कास्तकार आला. सहा एकर कोरडवाहू वावर, पोरगी बी.एस्सी. ॲग्री झालेली. टेकायच्या आधीच म्हणाला, "मास्तर, पोट्टी म्हणते मी शिकाले जर्मनीले जातो. जाऊ देऊ का नाई?"

पोरगी हुशार. वहीत मधोमध रेघ मारून आणली होती. डावीकडे अकरा फायदे, उजवीकडे चार तोटे: खर्च, थंडी, जेवण, आई. मी म्हटलं, हे पान फाड. "मोठा पगार" मधून "थंडी" वजा करता येत नाही, आणि फायदे लिहायला पैसे पडत नाहीत म्हणून ते नेहमी जास्तच भरतात.

नव्या पानावर एकच प्रश्न लिहायला लावला: शिकून झालं, तिकडे नोकरी लागली नाही, परत यावं लागलं. कर्जाचा हप्ता कोण भरणार?

हा प्रश्न मला आमच्या घरात उशिरा सुचला. माझा मुलगा 2022 मध्ये इंग्लंडला एक वर्षाच्या मास्टर्सला गेला. कर्ज 25 लाख. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं राहायची मुभा होती, तेवढ्यात व्हिसा देणारी कंपनी मिळेल असं धरून चाललो. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या सरकारनं कामाच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार वर्षाला 26,200 पौंडांवरून 38,700 वर नेला. नवख्यांना थोडी सवलत होती, पण कंपन्या नवख्यांकडे बघेनाशा झाल्या. दीड वर्ष गोदामात खोके उचलून 2025 मध्ये तो परत आला. आता पुण्यात 52 हजारांवर आहे आणि हप्ता पावणेअडतीस हजार. त्यातले पंधरा माझ्या पेन्शनमधून जातात. पोरगा वाया गेला असं मी म्हणत नाही. चार लोकांत उभा राहून बोलतो, काम अंगावर घेतो, जेवलेलं ताट स्वतः घासतो. पण हे सगळं 25 लाखांत पडलं.

आता हिशोब. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षं मुदत धरली, तर दर एक लाखाला महिन्याला साधारण 1,350 रुपये हप्ता बसतो. पंधरा वर्षं केली तर 1,105. एवढे दोन आकडे पाठ करा, बँकेतल्या साहेबासमोर कामी येतात. मात्र शिकत असताना आणि त्यानंतरचे सहा महिने-वर्षभर हप्ता नसतो म्हणून व्याज थांबत नाही. पूर्ण 25 लाख दोन वर्षं नुसते पडून राहिले, तर सव्वापाच लाख व्याज चढतं. म्हणजे 30 लाखांवर हप्ता, चाळीस हजारांच्या पुढं.

हे कास्तकाराच्या भाषेत सांगतो. सहा एकरांत एकरी सहा क्विंटल धरले तर कापूस झाला 36 क्विंटल. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. सगळा माल हमीभावानं गेला, एक बोंड बोंडअळीनं खाल्लं नाही, बियाणं-फवारणी-वेचाईचा रुपयाही धरला नाही, तरी हातात येतात 2 लाख 92 हजार. चाळीस हजारांप्रमाणे वर्षाचे हप्ते होतात 4 लाख 80 हजार. बाप वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे वावर गेलं समजा."

गंमत अशी की बँकेला वावर नकोच असतं. बुडालेलं कर्ज कोर्टात न जाता वसूल करायचा 2002 चा जो सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका सातबारा तारण घेत नाहीत. गावठाणातल्या घराच्या नमुना आठवर पण नाक मुरडतात. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेत विनातारण मिळू शकतं, त्याहून जास्त कर्ज असलं तर एन.ए. म्हणजे बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव असलं काही मागतात. मग यवतमाळच्या साळ्याचा प्लॉट आठवतो. मीही तेच केलं. तो बिचारा काही बोलत नाही, पण प्लॉट विकायचा विषय निघाला की जेवणाच्या पंगतीत सगळे गप्प होतात. तारण दुसऱ्याचं असेल तर तो तोटा वहीत पहिल्या ओळीवर लिहा. खासगी वित्त कंपन्या विनातारण देतात, पण त्यांचं व्याज बघून मगच सही करा.

कर्जाच्या आधी शिष्यवृत्ती बघायची. आपली पोरं नेमकं उलटं करतात, प्रवेश झाला की मग शोधत बसतात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत 125 जागा असतात. त्या अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि वय 35 च्या खाली लागतं. राज्यात अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं योजना आहे. ओबीसी, आदिवासी, मराठा मुलांसाठी वेगवेगळ्या खात्यांच्या आणि संस्थांच्या आहेत. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक ठरावीक आकड्याच्या आत असावा लागतो, म्हणून विद्यापीठ निवडताना योजनेचा कागद शेजारी ठेवा. जात वैधतेचा अर्ज आजच टाका. ती नसल्यामुळे हातातली गोष्ट जाताना मी दोनदा पाहिली आहे.

फुकट मार्गदर्शन करणाऱ्यांविषयी एकच. आम्ही नागपूरच्या एका एजंटाकडे गेलो होतो. गार एसी, गार पाणी, एक पैसा घेतला नाही. त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं हे नंतर कळलं. जे विद्यापीठ कमिशन देत नाही ते त्याच्या यादीत येतच नाही. जर्मनीची सरकारी विद्यापीठं का सुचवली नाहीत, ते तेव्हाच कळायला हवं होतं.

तर जर्मनी. तिथं बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सत्राचं किरकोळ शुल्क भरावं लागतं. पण "बहुतेक" हा शब्द नीट वाचा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात 2017 पासून आपल्यासारख्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, आणि शेतीसाठी नावाजलेलं होहेनहाइम त्याच राज्यात येतं. ग्योटिंगेनमध्ये शेतीच शिका, तिथं ती फी नाही. आपल्या पोरांना आधी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे मार्कशीट खऱ्या आहेत याची तपासणी. मग ब्लॉक खातं: वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवायचे, तिकडे गेल्यावर महिन्याला 992 प्रमाणे आपलेच आपल्याला मिळतात. हे पैसे फीमध्ये जातात असा गावात समज आहे, तो चुकीचा. मात्र 2022 मध्ये हीच रक्कम 10,332 युरो होती आणि युरो ऐंशी रुपयांच्या आसपास, म्हणजे सव्वाआठ लाख. 2025 च्या शेवटी युरो शंभरावर गेला आणि तेच काम बारा लाखांचं झालं. म्हणून आजच्या भावावर दहा टक्के चढवूनच आकडा मांडा.

वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. वर्ग इंग्रजीत असले तरी बेकरीतलं गिऱ्हाईक जर्मनच बोलतं. भाषा न शिकता जाणाऱ्याला काम मिळतं ते भांडी घासायचं.

दुसऱ्या पानावर इथला पर्याय पूर्ण किमतीनं मांडा. गेटची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीत एम.टेक.ला लागलं तर उलट महिन्याला 12,400 रुपये मिळतात. अकोल्याला कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करून स्पर्धा परीक्षा देणारे आमच्याकडे ढीगभर आहेत, आणि त्यातले काही बरे बसलेत. जे शिकायचं ते इथं शिकवतच नसतील, तिकडच्या प्रयोगशाळेशिवाय होणारच नसेल, तर तराजू परदेशाकडे झुकतो. नुसतं "फॉरेन रिटर्न" व्हायचं असेल तर नाही. आमच्याकडे अशा वेळी कोणीतरी हटकून पापळच्या पंजाबराव देशमुखांचा दाखला देतो. ते विलायतेहून शिकून आले आणि देशाचे कृषिमंत्री झाले, खरंच आहे. पण पंजाबरावांचा दाखला देणारा जामीनदार म्हणून सही करत नाही.

आणि "आई" हा तोटा. तिची आई मागं चुलीपाशी होती. मी तिलाच विचारलं. म्हणाली, "माह्यं काय घेता, तिच्या लग्नाचं लोकं विचारतीन, त्याले उत्तर द्या." ते उत्तर गणितात नव्हतं. मी चहा प्यालो. पण हे बोलणं जायच्या आधी घरात मोठ्यानं झालं पाहिजे, व्हिडिओ कॉलवर नाही.

शेवटी पोरीनं स्वतःच आकडा काढला. शिष्यवृत्ती नसेल तर व्याजासह 18 लाख, हप्ता 24,300. परत आली तर बियाण्याच्या कंपनीत सुरुवातीला 28 हजार मिळतील असं तिनं धरलं. उरले 3,700, त्यात नागपूरची खोलीसुद्धा भागत नाही. तिनं "या वर्षी नाही" असं लिहिलं आणि खाली तारीख टाकली. आता वैधतेचा अर्ज गेलाय, शिष्यवृत्तीची कागदपत्रं जमतायत आणि मोबाइलवर जर्मन चालू आहे. परवा बाप रस्त्यात भेटला. म्हणाला, "मास्तर, पोट्टी पहाटं गोठ्यात जर्मन बोलते. म्हैस पान्हाच सोडत नाई."