लक्ष्याला नव्याने बघायचं असेल तर

माझं बालपण ‘अशी ही बनवाबनवी’च्या संवादांवर गेलं. त्यामुळे लक्ष्मीकांत बेर्डे म्हणजे हसणं, एवढंच ठाऊक होतं. मग ‘एक होता विदूषक’ पाहिला आणि रात्रभर झोप लागली नाही. जब्बार पटेलांचा १९९२ चा चित्रपट, लेखन पु. ल. देशपांडे यांचं.

आधी एक करा: त्याचा एखादा धमाल चित्रपट आदल्या दिवशी पाहून घ्या. ते हातवारे, तो शब्द फेकायचा वेग कानांत, डोळ्यांत ताजा हवा. मगच हा लावा, आणि सलग बघा. तुकड्यातुकड्यांनी पाहिलात तर त्याने साकारलेला आबुराव हाती लागणार नाही. तमाशाच्या फडात वाढलेला हा सोंगाड्या पुढे सिनेमाचा स्टार होतो, राजकारणापर्यंत जातो. मधू कांबीकर त्याची आई आहेत.

पहिल्यांदा कथा बघा. दुसऱ्यांदा फक्त त्याचे डोळे. मुख्य म्हणजे लहान मुलीसोबतचे प्रसंग: सगळ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस, आणि समोरची पोर हसायला तयार नाही. तिथे त्याचा आवाज किती खाली येतो ते ऐका. विनोदाचं तेच टायमिंग तो इथे थांबण्यासाठी वापरतो. मी तो भाग पाच वेळा मागे नेऊन पाहिला.

गाण्यांना पुढे ढकलू नका. ना. धों. महानोरांचे शब्द, आनंद मोडकांचं संगीत, आणि कथा त्यांतूनच पुढे सरकते.

नंतर पुन्हा ‘बनवाबनवी’ लावा. साडीतला लक्ष्या आता वेगळा दिसेल.